मदत हवी आहे : एपीयू (शेपटीतील सहायक इंजिन) नादुरुस्त असलेले विमान बेवर (उभे राहण्याच्या जागी) येते तेव्हा नव्या मुलांना नेमकी कोणती खूण शिकवावी?

नमस्कार. मी पुण्यात राहतो. ग्राउंड हँडलिंगच्या कामात बरीच वर्षे काढल्यानंतर सध्या नव्याने भरती झालेल्या मुलांना रॅम्पवरील, म्हणजे विमाने उभी राहतात त्या आवारातील, सुरक्षिततेचे प्रशिक्षण देतो. लोहगाव, धानोरी, वाघोली या भागांतून येणारी ही मुले चुणचुणीत आहेत; परंतु नियमावली इंग्रजीत असल्यामुळे ती त्यांना पाठ होते, अंगवळणी पडत नाही. म्हणून तासाभराचा पाठ मराठीत लिहायला घेतला आहे आणि त्यात एका जागी अडलो आहे.

नेहमीचा क्रम सांगणे अवघड नाही. विमान येण्याआधी बेवर फिरून खडे, स्क्रू, सामानाच्या पट्ट्यांचे तुकडे उचलावेत, एरोब्रिज त्याच्या आखलेल्या चौकोनात पूर्ण मागे आहे याची खात्री करावी आणि सर्व गाड्या लाल रेषेबाहेर ठेवाव्यात. (मे 2024 मध्ये पुण्यातच दिल्लीला निघालेले विमान टग ट्रॅक्टरला धडकले होते. प्रवासी सुखरूप राहिले, पण हे उदाहरण दिले की मुले त्या रेषेकडे जरा आदराने पाहू लागतात.) विमान थांबले म्हणजे काम सुरू झाले असे नव्हे, इंजिने बंद होऊन पंखे मंदावले आणि विमानाच्या पाठीवरचा व पोटाखालचा लाल बीकन (लुकलुकणारा इशारादिवा) विझला की मगच पुढे जायचे, हे मी वारंवार घोकून घेतो. आवाजावर विसंबू नका, हेही पहिल्याच दिवशी सांगतो, कारण लोहगावात हवाई दलाची सुखोई उडू लागली की शेजारच्याची हाकदेखील ऐकू येत नाही, आणि कानांवर संरक्षक कप असतातच.

अडचण आहे ती एपीयूची. उभ्या विमानाला वीज देणारे, शेपटीतील हे छोटे सहायक इंजिन नादुरुस्त असेल, तर जमिनीवरून वीज मिळेपर्यंत वैमानिक एक मुख्य इंजिन चालू ठेवतात. अर्थात बीकनही चालूच राहतो. वीज जोडण्यासाठी मात्र कोणीतरी विमानाजवळ जावेच लागते. म्हणजे ‘बीकन चालू असताना कोणीही जायचे नाही’ हा ज्या नियमावर मी सगळा पाठ उभा केला आहे, तोच येथे मोडतो. एकदा अपवाद सांगितला की मुले तो अपवाद सोयीने वापरतील, अशी मला भीती वाटते. दुसरी शंका अशी, की वीज जोडण्याआधीच दोन्ही इंजिने बंद झाली, तर जनरेटर सुटून पंखा फिरत असतानाच बीकन विझू शकतो. मग एकट्या बीकनला परवानगीची खूण मानणे कितपत बरोबर? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

आपली भीती रास्त आहे. अमेरिकेतील माँटगोमेरी येथे 31 डिसेंबर 2022 रोजी नेमके हेच घडले. विमानाचा एपीयू बंद होता, इंजिने चालू राहणार असल्याची सूचना रॅम्पवरील माणसांना विमान येण्यापूर्वी दोनदा दिलेली होती आणि बीकनही चालू होता. तरीही एक कर्मचारी कोन (विमानाभोवती ठेवायचा इशाऱ्याचा शंकू) घेऊन मागच्या बाजूला गेली आणि इंजिनात ओढली गेली. आपल्याकडे मुंबईत 16 डिसेंबर 2015 रोजी पुशबॅकच्या वेळी (विमान मागे ढकलताना) एका तंत्रज्ञाचा असाच मृत्यू झाला. माँटगोमेरीच्या घटनेत सूचना कमी पडली असे म्हणता येत नाही. हात मात्र सवयीचे काम करू लागले.

म्हणून अपवाद नियमाचा म्हणून शिकवू नका, माणसांचा म्हणून शिकवा. ए320 जातीच्या विमानात बाहेरून वीज घेण्याचे सॉकेट पुढच्या चाकाजवळच असते. त्यामुळे अशा वेळी दोघांचेच काम असते : एक जण नाकाच्या दिशेने समोरून येऊन पुढच्या चाकाला चॉक्स (चाक अडवणारे ठोकळे) लावतो, दुसरा वीज जोडतो, आणि दोघेही आल्या वाटेनेच परत फिरतात. या दोघांची नावे विमान येण्याआधी ठरवावीत. बाकी सर्वांनी लाल रेषेबाहेर थांबावे आणि त्यांच्या हातात कोन, चॉक्स, बेल्ट लोडरची (सामान चढवणाऱ्या पट्ट्याच्या गाडीची) किल्ली यांपैकी काहीही देऊ नये. हात रिकामे असलेला माणूस सवयीने पुढे सरकत नाही, हा माझा अनुभव आहे. मुख्य चाकांचे चॉक्स, कोन, एरोब्रिज आणि सामानाचे दरवाजे यांना इंजिन पूर्ण थांबल्यावरच हात लावायचा.

कोणते इंजिन चालू राहणार, हे सांगताना ‘डावे’ किंवा ‘उजवे’ म्हणू नका, ‘एक नंबर’ किंवा ‘दोन नंबर’ म्हणा. क्रमांक वैमानिकाच्या डावीकडून मोजतात आणि मार्शलर (हातवाऱ्यांनी विमानाला वाट दाखवणारा) विमानाकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे त्याचे डावे नेमके उलट ठरते.

बीकनबाबतची आपली शंका योग्यच आहे. बीकन विझणे ही आवश्यक खूण आहे, पण तेवढी पुरेशी नाही. इंजिनाच्या तोंडावरील पांढरी सर्पिल खूण फिरताना दिसते का, हे सुरक्षित अंतरावरूनच पाहण्यास शिकवा. वारा जोराचा असेल तर बंद इंजिनाचा पंखाही फिरत राहतो, हेही सांगा. अखेरची परवानगी एकाच माणसाच्या हातवाऱ्याने मिळावी.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. हात रिकामे ठेवण्याची सूचना मी पाठात पहिल्याच पानावर घेतो. आणखी एक विचारावेसे वाटते. पावसाळ्यात मुले रेनकोटची टोपी घालतात, तिने बाजूचे दिसत नाही आणि वाऱ्याने ती फडफडते. आम्ही सध्या टोपी काढून फक्त रेनकोट घालण्यास सांगतो, परंतु भर पावसात ते कोणी पाळत नाही. आपल्याकडे यावर काय करतात?

प्रतिसाद

टोपी उसवून काढलेले रेनकोट घ्या आणि कानांच्या कपांना पट्टी असलेली घट्ट कॅप द्या. आम्ही दोन पावसाळे तसेच करत आहोत. पहिल्या आठवड्यात कुरकुर झाली, नंतर कोणी विचारलेही नाही.