आईला मॉर्फिन सुरू केलंय, सवय लागेल का?

प्रश्न: आई ६८ वर्षांची. स्तनाचा कर्करोग हाडांत पसरलाय. डॉक्टरांनी मॉर्फिन (अफूपासून बनणारं वेदनाशामक) १० मिलिग्रॅम दर ४ तासांनी दिलंय, झोपताना दोन गोळ्या. काल महिन्याभरानं ती सलग झोपली! पण सकाळपासून मळमळ, गुंगी. मावशी म्हणते, "अफूच ती, बंद कर." काय करू?

उत्तर १: ताई, बंद करू नका. माझ्या बाबांना ८ महिने हीच गोळी होती. मळमळ आणि गुंगी चौथ्या दिवशी ओसरली. बद्धकोष्ठ मात्र आपोआप जात नाही, रेचक आजच लिहून घ्या. आम्ही रेचक द्यायला उशीर केला, सहाव्या दिवशी एनिमा द्यावा लागला. बाबांचे ते हाल अजून डोळ्यांसमोर आहेत.

उत्तर २: मी नर्स आहे. दुखायची वाट पाहू नका, घड्याळाप्रमाणे द्या. झोपेची गोळी मनानं जोडू नका. हाक मारूनही उठेना, श्वास फार मंद वाटला, तर पुढचा डोस न देता लगेच दवाखान्यात न्या. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, औषध अंगात साठतं. वेदनेसाठी नीट घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन क्वचितच लागतं. मावशींना हे समजावून सांगा.

प्रश्नकर्ती: रेचकासाठी आत्ताच फोन केला. मावशीला हे वाचून दाखवते.