तान्ह्या बाळाला पाप असतं का? (बाप्तिस्म्याचं पाणी मीच घातलं, म्हणून विचारतेय)

रात्रपाळी :
नवजात बाळांच्या आयसीयूत सिस्टर आहे. कुणाची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलून लिहितेय.

सव्विसाव्या आठवड्यातच झालेलं बाळ. व्हेंटिलेटरवर असूनही सॅच्युरेशन टिकत नव्हतं. डॉक्टरांनी घरच्यांना कल्पना दिली होती. आई कॅथलिक, तिचं सिझर झालेलं, त्यामुळे ती दुसऱ्या मजल्यावर पडून. फादर निघाले होते, पण वेळेत पोचतील असं वाटत नव्हतं. तिने व्हिडिओ कॉल लावला आणि म्हणाली, "सिस्टर, तुम्हीच पाणी घाला. मी सांगते तसं म्हणा." म्हटलं, अहो, मी हिंदू आहे. म्हणाली, चालतं. सिरिंजमध्ये स्टराइल वॉटर घेतलं, तिच्यामागून शब्द म्हटले, कपाळावर दोन थेंब सोडले. तर ती म्हणते, "नुसतं टेकवू नका सिस्टर, वाहू द्या." वाहू दिलं. पहाटे बाळ गेलं.

दुसऱ्या रात्री वॉर्डातल्या मावशी म्हणाल्या, मागच्या जन्मीचं काहीतरी भोगायचं राहिलं असेल बिचाऱ्याचं. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, पण मला चीड आली. एकीकडे पाप धुवायला पाणी, दुसरीकडे मागच्या जन्माचा हिशेब. पाऊण किलोचा जीव तो!

बाळ जन्मतःच पापी असतं असं धर्म खरंच मानतात का? सगळेच, की काहीच? आणि माझ्यासारखीने घातलेलं पाणी धरतात का? वाद नकोय. ज्यांना माहिती आहे त्यांनीच लिहा.

शंकेखोर :
वाद नकोय म्हणता आणि धर्माचा धागा काढता! आधी पाप चिकटवायचं, मग ते काढायचा उपाय आपणच पुरवायचा. याला मी धंदा म्हणतो. बाकी तुम्ही त्या आईचं ऐकलंत ते चांगलं केलंत.

जुनी_वही :
सिस्टर, तरुणपणी सेमिनरीत (फादर होण्याचं शिक्षण देतात तिथे) होतो, मग बाहेर पडलो, संसार केला. देवशास्त्राची खोड मात्र सुटली नाही. तेव्हा थोडं लांबेल.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. पाणी धरलं जातं. कॅथलिक नियमानुसार प्राणावर बेतलं असेल तेव्हा कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, ख्रिस्ती नसलेलाही. खरं पाणी हवं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने म्हणायचे ते शब्द हवेत, आणि या संस्कारातून चर्चला जे अभिप्रेत आहे ते करण्याचा हेतू हवा. तुमची श्रद्धा लागत नाही. १४३९ सालच्या फ्लॉरेन्स धर्मपरिषदेच्या आदेशात हे स्वच्छ लिहिलेलं आहे. "वाहू द्या" म्हणाली ती बाई पक्की होती. पाणी वाहायला हवं, हा नियमच आहे.

आता पाप. सगळे बोट दाखवतात ते संत ऑगस्टीनकडे (३५४ ते ४३०), आणि ते बरोबरच आहे. आपल्या आत्मकथनात तो एका तान्ह्या पोराबद्दल लिहितो. बोलता येत नव्हतं, पण त्याच दाईच्या अंगावर पिणाऱ्या दुसऱ्या बाळाकडे ते पांढरंफटक पडून डोळे वटारून बघत होतं. ऑगस्टीन म्हणतो, बाळाच्या हातापायांत बळ नाही म्हणून ते निष्पाप दिसतं. मनाने नाही. मला दोन मुलं आहेत. निरीक्षण अचूक आहे हे कबूल करतो, निष्कर्ष पटत नाही.

त्याच्या युक्तिवादाची दिशा मात्र बघण्यासारखी आहे. त्याच्या काळी चर्च तान्ह्यांना बाप्तिस्मा देतच होतं. बाप्तिस्मा पापक्षमेसाठी असतो. मग ज्या बाळाने काही केलेलंच नाही त्याला तो कशासाठी? म्हणजे आदामाचं, पहिल्या माणसाचं, पाप त्याच्यात उतरलेलं असणार. प्रथा आधी, कारण मागून शोधलेलं. समोर होता पेलागियस, त्याच काळातला एक तपस्वी. त्याचं म्हणणं, आदामाने वाईट उदाहरण घालून दिलं, वारसा नव्हे. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने पेलागियसच्या बाजूला दोषी ठरवलं. तरी एक्लानुमचा बिशप ज्युलियन पुढे कित्येक वर्षं ऑगस्टीनशी भांडत राहिला. त्याचा मुद्दा तुमचाच होता सिस्टर : असा देव न्यायी कसा?

आणि इथे माझं एक ठाम मत आहे. "बाळ पापी असतं का" असं कुठल्याही धर्माला विचारू नये. "बाळ गेलं तर त्याचं काय होतं" असं विचारावं. पहिल्याला पाठ केलेलं उत्तर मिळतं. दुसऱ्याला भलेभले अडखळतात, आणि त्या अडखळण्यातच त्यांचं खरं मत कळतं.

ऑगस्टीन अडखळला नाही, हीच पंचाईत. बाप्तिस्म्याविना गेलेलं बाळ शिक्षेला पात्र, असं त्याने लिहिलं. फक्त शिक्षा "सगळ्यात सौम्य" असेल, एवढी सवलत. पुढच्यांना ते झेपेना. मध्ययुगात "लिंबो" आला : यातना नाहीत, पण देवाचं दर्शनही नाही. शेकडो वर्षं शिकवला गेला, पण तो श्रद्धेचा बंधनकारक सिद्धान्त कधीच झाला नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात अशी बाळं देवाच्या दयेवर सोपवलेली आहेत. आणि २००७ मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय धर्मशास्त्र आयोगाने याच एका प्रश्नावर मोठा दस्तऐवज काढला : त्यांच्या तारणाची आशा धरायला भक्कम आधार आहेत. आशा म्हटलंय, खात्री नव्हे. पण ४१८ पासून तिथवरचं अंतर बघा.

आज चर्चचं म्हणणं असं की आदिपाप म्हणजे बाळाने केलेला गुन्हा नव्हे, ती वारशाने आलेली उणी अवस्था आहे. वैयक्तिक दोष त्यात नाही. त्या आईच्या मनात "माझं बाळ वाईट" असं काही नसणार. बाळाला आपल्या माणसांत घेतल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, एवढंच असेल. हा माझा अंदाज.

बाकीचे ख्रिस्ती झटपट. पूर्वेकडचे ऑर्थोडॉक्स म्हणतात, आदामाकडून मरण आलं, अपराध नाही. लुथरपंथीयांचं १५३० चं ऑग्सबर्ग निवेदन कडक आहे, माणूस पापासकट जन्मतो म्हणतं. कॅल्व्हिनच्या वाटेने जाणाऱ्यांनी १६१८-१९ च्या डॉर्टच्या सभेत ठरवलं की श्रद्धावान आईबापांनी लहानपणी गेलेल्या आपल्या लेकरांच्या तारणाबद्दल शंका बाळगू नये. (बघा, पुन्हा गेलेलं बाळ.) ॲनाबॅप्टिस्ट म्हणाले, तान्ह्याला बाप्तिस्मा नकोच, कळतं झाल्यावर द्या. त्यापायी फेलिक्स मान्झला १५२७ साली झुरिकच्या नदीत बुडवून मारलं. भांडण पाण्याचं, शिक्षाही पाण्याचीच. मॉर्मन तर सांगतात की माणसाला शिक्षा स्वतःच्या पापांची होते, आदामाच्या नव्हे, आणि आठ वर्षांच्या आत बाप्तिस्माच नाही.

यहुदी लोक तर आदामाची तीच गोष्ट वाचतात आणि आदिपाप मानत नाहीत. सकाळच्या प्रार्थनेत म्हणतात, देवा, तू मला दिलेला आत्मा शुद्ध आहे. वाईटाकडे ओढणारी वृत्ती माणसात असते हे त्यांना मान्य, पण ती कधी शिरते यावर तालमुदात, त्यांच्या धर्मचर्चेच्या ग्रंथात, गमतीदार चर्चा आहे. गर्भातच शिरली असती तर पोराने लाथा मारून आईचं पोट फोडलं असतं, तेव्हा जन्मल्यावरच, असा निकाल.

घनपाठी :
काकांनी ख्रिस्ती बाजू मांडली, मी आपली मांडते. संस्कृत शिकवते. आणि आधीच सांगते, "आपल्याकडे असलं काही नाही हो, बाळ म्हणजे देवाघरचं फूल" असं कुणी लिहिणार असेल तर जरा थांबा.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात सत्ताविसावा श्लोक आहे. गर्भसंस्कार, जातकर्म, चौल, मुंज यांनी द्विजांचं "बैजिकं गार्भिकं चैनो" धुतलं जातं, म्हणजे बापाच्या बीजातून आणि आईच्या गर्भातून आलेलं एनस्, पाप. जन्मासोबत काहीतरी चिकटून येतं आणि संस्काराने जातं, हा विचार आपल्यालाही परका नाही. पूजेनंतर प्रदक्षिणा घालताना "पापोऽहं पापकर्माहं पापात्मा पापसंभवः" म्हणणाऱ्यांनी शेवटच्या शब्दाकडे (पापातून जन्मलेला) कधी लक्ष दिलंय का?

दुसऱ्या बाजूला गौतम धर्मसूत्र म्हणतं, मुंजीआधी मुलाने हवं तसं वागावं, बोलावं, खावं. दोष नाही.

आणि मला सगळ्यात आवडते ती महाभारतातली अणीमांडव्याची गोष्ट. आदिपर्वात आहे. मौन धरून बसलेल्या ऋषीच्या आश्रमात चोरांनी चोरीचा माल लपवला. राजाच्या माणसांनी विचारलं, हा बोलेना, मग चोरांबरोबर यालाही सुळावर चढवलं. मेला नाही. राजाने क्षमा मागून उतरवलं, पण सूळ निघेना, कापावा लागला आणि टोक अंगातच राहिलं. तसाच तो धर्मराजाकडे गेला. माझ्याकडून असं काय झालं होतं? धर्म म्हणाला, लहानपणी तू पतंगांच्या, उडणाऱ्या किड्यांच्या, शेपटीत गवताची काडी खुपसली होतीस. मांडव्य उसळला. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा? त्याने साक्षात धर्मालाच शाप दिला, शूद्र योनीत जन्म घे (तोच विदुर), आणि वर मर्यादा घालून दिली : आजपासून चौदा वर्षांपर्यंत कुणाच्या हातून काही घडलं तरी ते पातक नाही.

देवाच्या न्यायालाच दुरुस्ती सुचवणारा ऋषी! मात्र, शूद्र जन्म हीच शिक्षा म्हणून वापरावीशी वाटणं, हाही याच कथेतला दोष आहे, तो झाकून चालणार नाही.

पण सिस्टर, खरं सांगायचं तर मांडव्य तुमच्या बाळापर्यंत पोचत नाही. त्याने या जन्मातलं बालपण माफ केलं. मागच्या जन्माची वही उघडीच राहिली. मावशी बोलल्या ते त्या वहीतून. आदामाने केलं ते मी का भोगू, असं आपण ख्रिस्त्यांना विचारतो. ज्याचं नाव-गाव, काहीच आठवत नाही अशा कुणीतरी केलं ते बाळाने का भोगावं, हा प्रश्न त्याच तोडीचा आहे. तत्त्वज्ञ म्हणतील, आत्मा तोच असतो. असेल. आईला सांगून बघा.

काफिला :
अस्सलामु अलैकुम. आमच्याकडे हे सोपं आहे, असं वाटतं. प्रत्येक मूल फितरतवर जन्मतं, म्हणजे देवाने घडवलेल्या मूळ निर्मळ स्वभावावर. पुढे आईबाप त्याला यहुदी, ख्रिस्ती किंवा मजूसी (अग्निपूजक) करतात. ही हदीस (पैगंबरांचं वचन) बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. आदमने चूक केली, तौबा केली, अल्लाहने ती कबूल केली. विषय तिथेच संपला. कुरआनच्या सहाव्या सुऱ्यात आहे : कुणीही ओझं वाहणारा दुसऱ्याचं ओझं वाहणार नाही. मूल वयात येईपर्यंत त्याच्या नावावर काही लिहिलंच जात नाही.

काकांची कसोटी लावायची तर, मुसलमानाचं तान्हं बाळ गेलं तर ते जन्नतमध्ये, यावर आमच्या उलेमांचं जवळपास एकमत आहे. इतरांच्या बाळांबद्दल मतं वेगळी होती. काहींनी "अल्लाहलाच ठाऊक" म्हणून सोडलं. पण पैगंबरांच्या स्वप्नाची हदीस आहे, त्यात बागेत हजरत इब्राहीम बसलेत आणि भोवती फितरतवर वारलेली मुलं. कुणीतरी विचारलं, मुश्रिकांचीसुद्धा (अनेक देव मानणाऱ्यांची)? उत्तर आलं, मुश्रिकांचीसुद्धा.

शंकेखोर :
@काफिला, मग जन्मताना सैतान बोट लावतो म्हणून बाळ रडतं, असं कुठेतरी ऐकलं होतं, ते काय?

काफिला :
आहे, तीही हदीस सहीह, म्हणजे अस्सल मानलेली, आहे. मरियम आणि त्यांच्या मुलाला तेवढा तो स्पर्श झाला नाही. पण स्पर्श म्हणजे पाप नव्हे, शत्रू पहिल्या क्षणापासून टपलेला आहे, इतकंच. तुम्ही "कुठेतरी" ऐकता ते बरोबर अडचणीचंच कसं असतं?

रात्रपाळी :
सगळ्यांचे आभार. दोनदा वाचलं. जुनी_वही काका, हे चर्चमध्ये कळवावं लागतं का?

जुनी_वही :
हो. पॅरिशच्या फादरना सांगायचं, ते बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत लिहितात. घरच्यांनी सांगितलं असेलच. नसेल तर तुमचा निरोप त्यांना हवाच असेल.

पिंपळपान :
उशीर झाला, पण बौद्ध बाजू राहिली. मज्झिम निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात दोन सुत्तांत (प्रवचनांत) उताणं पडलेलं तान्हं बाळ येतं. एकात उग्गाहमान नावाचा परिव्राजक म्हणतो की वाईट कृत्य, वाईट वाणी, वाईट संकल्प, वाईट उपजीविका केली नाही की माणूस पूर्णत्वाला पोचला. बुद्ध म्हणतात, मग उताणं पडलेलं बाळ पूर्णत्वाला पोचलेलंच म्हणायचं, ते वळवळण्यापलीकडे करतं काय? दुसऱ्यात उलट बाजू आहे. बाळाला "मी" काय हेही कळत नाही, पण त्या समजुतीचा अनुशय, सुप्त कल, त्याच्यात असतोच. म्हणजे पापी नाही, संतही नाही.

जुनी_वही :
अनुशय म्हणजे ऑगस्टीनच की हो, न्यायाधीश वजा करून! पण गेलेल्या बाळाचं काय, ते तुम्ही सांगितलं नाहीत.

पिंपळपान :
पुढचा जन्म. आणि घनपाठी ताईंची अडचण आम्हालाही चुकत नाही. चूळकम्मविभंग सुत्तात अल्पायुष्याचं कारण सरळ दिलंय : मागे केलेली प्राणिहत्या. बुद्धांना हा प्रश्न एका तरुण ब्राह्मणाने विचारला होता. बाळ गमावलेल्या आईने विचारला असता तर त्यांनी हेच उत्तर याच शब्दांत दिलं असतं असं मला वाटत नाही. मेलेलं बाळ घेऊन आलेल्या किसा गोतमीला त्यांनी कर्माबद्दल अक्षरही न सांगता, ज्या घरात कुणी मेलेलं नाही अशा घरातून मोहरी आणायला पाठवलं होतं.