‘खासगी’ फाइल ‘गोपनीय’ असते का?

प्रश्न

एकाच संगणकावर बऱ्याच जणांची खाती असलेल्या यंत्रणेची वापरपुस्तिका मराठीत करते आहे. एका वाक्यावर अडले. आशय असा की होम डिरेक्टरीतल्या, म्हणजे प्रत्येक खात्याच्या स्वतंत्र कप्प्यातल्या, फायली ज्याच्या त्याला खासगी राहतात. आधी ‘खासगी’ लिहिलं, खोडून ‘गोपनीय’ केलं, मग ‘वैयक्तिक’. तिन्ही खटकतात. शिवाय पर्मिशनला, म्हणजे फाइल कोणी वाचायची-लिहायची याच्या अधिकाराला, सगळीकडे ‘परवानगी’ चालेल ना? आणि ‘खासगी’ की ‘खाजगी’ तेही सांगून टाका, म्हणजे भांडण एकदाच होईल.

प्रतिसाद

शेवटचं आधी. मूळ अरबी ‘खास’, म्हणून ‘खासगी’ मुळाला धरून आहे. ‘खाजगी’ बोलण्यात मुरलेलं. कुठलंही घ्या, पण एकच ठेवा.

खरी गोम अर्थात आहे. ‘खासगी’ हा शब्द ‘कोणाचं?’ याचं उत्तर देतो. होळकरांच्या कारभारात खासगीचा हिशेब वेगळा आणि दौलतीचा वेगळा असे. त्यातली खासगी म्हणजे घराण्याची मिळकत. ती लपवलेली होती असा त्याचा अर्थ नाही. ‘गोपनीय’ येतो ‘गुप्’ धातूवरून: राखणे, आणि त्यातूनच झाकणे. पण ‘अनीय’ प्रत्ययाकडे बघा. गोपनीय म्हणजे राखायला हवं असं. राखलेलं असतं ते गुप्त.

आता फाइलवर ६४४ हा अधिकारांचा आकडा आहे असं धरा. पहिला अंक मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतरांचा; वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १, त्यांची बेरीज म्हणजे तो अंक. मालक वाचतो-लिहितो, गटातले आणि इतर नुसतं वाचतात. ही फाइल खासगी आहे, गोपनीयही असेल, गुप्त मात्र मुळीच नाही. एमआयटीच्या सीटीएसएस या जुन्या सामायिक यंत्रणेत १९६० च्या दशकात एकदा पासवर्डांची फाइल आणि लॉगिन करताना दिसणारा दिवसाचा संदेश यांची अदलाबदल झाली. दोघे जण एकाच वेळी संपादन करत होते आणि एडिटरच्या तात्पुरत्या फाइलचं नाव ठरलेलं होतं, एवढंच कारण. जो लॉगिन करेल त्याच्यासमोर सगळ्यांचे पासवर्ड! फाइल तेव्हाही गोपनीयच होती.

प्रतिसाद

‘परवानगी’बद्दल माझा एक जुना सल आहे. कामाच्या ठिकाणी सामायिक सर्व्हरवर मी राजीनाम्याचा मसुदा लिहून ठेवला होता. तिसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, ‘दुसऱ्या परिच्छेदात “कारकीर्द” ऱ्हस्व पडलंय.’ मी उखडलो, ‘माझ्या परवानगीशिवाय वाचलंसच कसं?’ तो शांतपणे म्हणाला, ‘तुझीच होती.’ यूमास्क, म्हणजे नव्या फाइलचे कोणते अधिकार आपोआप वगळायचे ते सांगणारा आकडा, ०२२ होता, त्यामुळे नवी फाइल आपोआप ६४४ झालेली. मी ०७७ ठेवला असता तर ती ६०० झाली असती.

भाषेच्या अंगानं दोघेही बरोबर होतो. परवानगी मागावी लागते, मग कोणीतरी ती देतं. इथे कोणी मागितली नाही, मीही जाणूनबुजून दिली नाही. नुसती आडकाठी नव्हती. याला मराठीत ‘मुभा’ म्हणतात. अरबी ‘मुबाह’, म्हणजे ज्याची सक्तीही नाही आणि मनाईही नाही ते. ‘इतरांना वाचण्याची मुभा आहे’ हे वाक्य मला त्या दिवशी वाचायला मिळालं असतं तर मी फाइल उघडी टाकली नसती.

प्रश्नकर्ती

मुभा आवडला. पण चेकबॉक्सशेजारी ‘मुभा’ जरा दरबारी वाटेल. मथळ्यात ‘परवानगी’ आणि वाक्यात ‘मुभा’ असं करते. ‘अदर्स’ना ‘इतर’ लिहू की ‘सर्व’?

प्रतिसाद

‘इतर’च. ‘सर्व’ लिहिलंत तर चूक होईल, शैलीची नव्हे, तथ्याची. युनिक्स ही कार्यप्रणाली क्रमानं बघते: तुम्ही मालक का? नसाल तर गटात आहात का? तिथेही नसाल तरच इतर. पहिली जी ओळख जुळेल तिचेच नियम लागू. म्हणून ६०४ च्या फाइलमध्ये गटातल्या माणसाला वाचता येत नाही आणि त्रयस्थाला येतं. घरच्यांना मज्जाव, परक्यांना मोकळीक.

‘एक्स’ची, म्हणजे ‘एक्झिक्यूट’ या तिसऱ्या अधिकाराची, काळजी घ्या. फाइलसाठी ‘चालवणे’ ठीक, पण डिरेक्टरी कोण चालवणार? तिथे तो अधिकार उंबरठा ओलांडण्याचा. ७११ च्या डिरेक्टरीत इतरांना आत काय आहे त्याची यादी दिसत नाही, पण नाव आधीच माहीत असेल आणि त्या फाइलवर वाचण्याची मुभा असेल तर ती उघडता येते. मी ‘प्रवेश’ लिहितो.

‘लिहिणे’ही असंच फसवं. डिरेक्टरी म्हणजे नावांची वही, तिच्यात लिहिण्याची आणि प्रवेशाची मुभा असलेला माणूस तुमच्या फाइलचं नाव खोडू शकतो, फाइलवर त्याला कसलाही अधिकार नसला तरी. म्हणून तर सगळ्यांच्या वापरातल्या टेंप डिरेक्टरीवर १७७७ असतं: त्या सुरुवातीच्या जादा १ मुळे, डिरेक्टरीचा मालक आणि रूट (यंत्रणेच्या व्यवस्थापकाचं खातं) सोडले तर, ज्याची फाइल त्यालाच ती काढता येते.

प्रतिसाद

आणि रूट? वरचे आकडे त्याला वाचण्यापासून अडवत नाहीत. ६०० केलेली फाइल शेजाऱ्यापासून गुप्त, व्यवस्थापकापासून नाही. कूटबद्ध केली तर गोष्ट वेगळी. पुस्तिकेत नुसतं ‘गुप्त’ लिहू नका, ‘कोणापासून’ हेही लिहा. मराठीत ‘पासून’ आहे त्याचा उपयोग करा.

प्रश्नकर्ती

वाक्य आता असं झालंय: ‘होम डिरेक्टरीतल्या फायली तुमच्या मालकीच्या असतात, त्या इतर खातेदारांपासून राखायच्या असतील तर डिरेक्टरीवर ७०० ठेवा. यंत्रणेचा व्यवस्थापक त्या तरीही वाचू शकतो.’ ‘खासगी’, ‘खाजगी’ दोन्ही गेले, तेव्हा ते भांडण पुढच्या पुस्तिकेसाठी शिल्लक. उबुंटू या लिनक्स प्रणालीनं २१.०४ या आवृत्तीपासून नव्या होम डिरेक्टऱ्या ७५५ ऐवजी ७५० केल्या, ती एक ओळ तळटीपेत टाकते. ‘मालक’च्या जागी ‘धनी’ सुचवायला कोणी टपलं असेल तर हात जोडते.