नोकरीच्या जाहिरातीतल्या अटी: कामापुरत्या की गाळण्यापुरत्या?

गोदामवाली:
आम्हाला आवक-जावकच्या नोंदी ठेवायला माणूस हवा होता. जाहिरात मीच लिहिली, दुसऱ्या पदाची जुनी जाहिरात समोर ठेवून. पदवी, 5 वर्षांचा अनुभव, 3 सॉफ्टवेअर, अस्खलित इंग्रजी. सगळ्या अटींत बसणारा माणूस मिळाला आणि चौथ्या महिन्यात कंटाळून सोडून गेला. मधल्या काळात माल उतरवणारा एक मुलगा नोंदी बघायचा. शिक्षण शाळेपुरतंच. मालासोबत येणाऱ्या चलनावरच्या प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने टिंब द्यायचा. एकदा चलनावर 48 खोकी होती, उतरली 46. गाडी हलायच्या आत त्याने ड्रायव्हरकडून कमी मालाची सही घेतली. माझ्या जाहिरातीप्रमाणे गेले असते तर त्याचा अर्ज मी बघितलाच नसता, याचं मला फार वाईट वाटतं. पहिल्या दिवशी जे लागतं तेवढंच अटींत लिहावं, बाकीचं शिकवावं, असं माझं ठाम मत झालंय.

भरतीतली:
मला हे पटत नाही. भरतीला आम्ही दोघीच आहोत. मागच्या एका जागेला साडेतीनशे अर्ज आले. अर्जाला 5 मिनिटं धरली तरी 29 तास होतात, आणि ते फक्त वाचायला. कुठेतरी रेघ ओढावीच लागते. अटी सैल केल्या की ज्यांना काम झेपणार नाही त्यांनाही आपण आशेला लावतो. तेही बरं नाही.

कोडवाला:
रेघ ओढा, पण कामावरून ओढा. फास्टएपीआय हे प्रोग्रामरांसाठीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या सेबास्तियान रामिरेझ यांनी 2020 मध्ये ट्विटरवर सांगितलं होतं की एका जाहिरातीत त्याचा 4 वर्षांहून जास्त अनुभव मागितलाय. ते तयार करून त्यांना स्वतःलाच जेमतेम दीड वर्ष झालं होतं! अशा अटीने कोण गळतं? खरं बोलणारा अर्जच करत नाही. थाप मारणारा सगळ्या चौकटींत खूण करून मोकळा होतो. तुमचे 29 तास मग त्याच्यावर जातात.

क्रेनखाली उभा राहिलेला:
सगळ्या नोकऱ्या एका मापाने मोजू नका. क्रेन चालवणारा, विजेच्या पॅनेलवर काम करणारा, यांचा परवाना आणि अनुभव मागायलाच हवा. तिथे "शिकेल हळूहळू" म्हणणं म्हणजे खाली उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे.

गोदामवाली:
मान्य. ती अट पहिल्या दिवशीच लागते, म्हणून ती राहणारच. माझा राग सवयीने चिकटवलेल्या पदवीवर आहे.

कायद्याची विद्यार्थिनी:
यावर अमेरिकेत 1971 मध्ये ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर हा निकाल झाला. कंपनीने बऱ्या पगाराच्या विभागांसाठी शाळेच्या डिप्लोमाची अट घातली होती आणि त्यात कृष्णवर्णीय कामगार मोठ्या प्रमाणात गळत होते. पण अट येण्याआधी लागलेले, डिप्लोमा नसलेले लोक तेच काम नीट करत होते. कामाशी संबंध नसताना एखाद्या गटाला असं बाहेर ठेवणारी अट तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरवली. हेतू वाईट नव्हता, ही सबब चालली नाही.

भरतीतली:
हे मला माहीत नव्हतं. तरी पदवी काढली तर साडेतीनशेचे हजार अर्ज होतील. ते कोण वाचणार, हे कुणीच सांगत नाहीये.

कोडवाला:
अर्जासोबतच कामाचा एक तुकडा द्या, वीस मिनिटांचा. गोदामासाठी एक चलन आणि मालाची यादी, फरक शोधा. ज्यांना नुसताच अर्ज टाकायचा असतो ते तिथेच थांबतील, आणि उत्तरं तपासायला मिनिटभर पुरेल.

भरतीतली:
वीस मिनिटं चालतील. काही ठिकाणी दोन-दोन दिवसांचं फुकट काम करून घेतात, त्याला माझा विरोध आहे. पुढच्या जागेला करून बघते. पदवी मात्र "असल्यास उत्तम" म्हणून ठेवणार.

गोदामवाली:
तेही नका ठेवू. "असल्यास उत्तम" वाचून तो पेन्सिलवाला मुलगा अर्ज करणार नाही. मी विचारलंय त्याला.