पार्किंगमधल्या २७ सायकली

सेक्रेटरी, ए-१०२ : सोसायटीच्या ग्रुपवरच्या सर्व सभासदांना नमस्कार. बेसमेंटमध्ये जिन्याखाली आणि पंपरूमच्या भिंतीला लावलेल्या २७ सायकलींना वर्षभर कोणी हात लावलेला नाही. चार्जिंग पॉइंटसाठी ती जागा मोकळी करायची आहे. ज्यांच्या असतील त्यांनी रविवारपर्यंत वर न्याव्यात किंवा फ्लॅट नंबरची चिठ्ठी लावावी. उरलेल्या सोमवारी भंगारात जातील. किलोला २८ रुपये भाव ठरलाय.

सी-३०४ : दादा, एक विनंती आहे. सोमवार एक आठवडा पुढे ढकलाल का? कारण सविस्तर लिहिते, मेसेज मोठा होईल, पण कृपया वाचा.

काल लेकीसाठी सायकल बघायला तीन दुकानं फिरलो. ती आता पाचवीत आहे. वीस इंची सायकलवर तिचे गुडघे हँडलला लागतात. चोवीस इंची गियरची सायकल १४,८००. हे ऐकून मी गप्पच झाले. त्यात स्टँड नाही, मडगार्ड नाही. स्टँड ३५०, मडगार्डची जोडी ४००, हेल्मेट १,४००, कुलूप ४५०, पुढचा-मागचा लाइट ९००. एकूण १८,३००. आणि दुकानदार स्वतःच म्हणाला, "दोन वर्षांत सव्वीस इंची लागेल, ताई."

माझ्या बाबांनी मला १९९८ साली लेडीज सायकल घेतली होती, १,९०० रुपयांना. कॅरिअर, स्टँड, घंटी, चेनकव्हर, कुलूप सगळं त्यातच. महागाई होते हे मलाही कळतं. पण तेव्हा बाबांच्या पगारात ती बसली होती. आमच्या दोघांच्या पगारात आज मुलीची सायकल घेताना पुढच्या महिन्यावर ढकलावी लागते, याचं मला खरंच वाईट वाटलं.

घरी येऊन बेसमेंटमध्ये गाडी लावली आणि पंपरूमच्या भिंतीला एक निळी सायकल दिसली. चोवीस इंची. सीटवर बोटभर धूळ, टायरला भेगा, चेन गंजलेली. पण फ्रेमवरून हात फिरवला तर कुठे पोपडा नाही. मागचं चाक उचलून पॅडल मारलं, चाक फिरलं. एका ठिकाणी ब्रेकच्या रबराला घासत होतं, म्हणजे चाकात थोडा आऊट, वाकडेपणा आहे, एवढंच. आपण ही सायकल साडेचारशे रुपयांना किलोवर घालणार आणि तशीच नवी पंधरा हजारांना आणणार, हे मला पटत नाही.

ए-४०२ : ताई, एकदम बरोबर. मुलाची सायकल लॉकडाउनमध्ये घेतली होती. पैसे भरून चार महिने थांबलो. गियरचं सामानच येत नव्हतं म्हणे. तेव्हा २१ हजार दिले. तशीच आता धाकट्यासाठी विचारली तर ३२ हजार.

बी-२०१ : मी तीस वर्षं एका कारखान्यात खरेदी विभागात काढली आहेत, म्हणून थोडं लिहितो.

आपल्याकडच्या बहुतेक सायकली लुधियानात बनतात. फ्रेम, रिम, हँडल तिथेच होतं. पण गियरचा सेट, शिफ्टर म्हणजे हँडलवरचा गियर बदलायचा खटका, डिरेलर म्हणजे चेन एका गियरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, बऱ्याचदा डिस्क ब्रेकसुद्धा बाहेरून येतात. जगभर गियरवाल्या सायकलींवर जपानच्या शिमानोचंच नाव जास्त दिसतं. २०२० मध्ये सगळ्या जगाने एकदम सायकली मागितल्या आणि सामान पुरेनासं झालं. ए-४०२ मध्ये चार महिने थांबावं लागलं ते त्यामुळेच. त्यात रुपयाची भर. २०१४ मध्ये डॉलर साठ-एकसष्टला होता, २०२५ च्या डिसेंबरात नव्वदच्या वर गेला. म्हणजे बाहेरून येणारा पार्ट तोच राहिला, तरी आपल्याला दीडपट पडतो. पूर्ण बनून बाहेरून येणाऱ्या सायकलींवरचं आयात शुल्कही २०२३ च्या अर्थसंकल्पात ३० वरून ३५ टक्के केलं.

एक चांगली गोष्टही झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. हिशेब करून पाहा. जुन्या दराने १५,००० ची सायकल नव्या दराने १४,०६० च्या आसपास यायला हवी. नऊशे चाळीस रुपये वाचतात, नाही म्हणू नये. पण दहा वर्षांत वाढले किती, आणि त्यातून उतरले किती.

मला वैयक्तिक खंत वेगळीच आहे. माझी पहिली सायकल अ‍ॅटलस. त्यांचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली ३ जूनला बंद पडला, नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी. त्या सायकलवर मी पेठेतून कंपनीत बावीस वर्षं गेलो. तिचा एकही भाग असा नव्हता की जो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नव्हता.

डी-१०१ : सगळं मान्य. पण जुन्या सायकली पोरांच्या हातात द्यायच्या? गेटबाहेर उतार आहे, खाली सिग्नलचा चौक. ब्रेक लागला नाही तर जबाबदार कोण? माझ्या भाच्याची ब्रेकची तार ऐनवेळी तुटली होती. हनुवटीला सहा टाके पडले. मी मुलीला नवीनच घेईन, पैसे गेले तरी चालतील.

सी-३०४ : वहिनी, तुमची काळजी अगदी रास्त आहे. म्हणूनच आज सकाळी चौकातल्या सायकलवाल्या काकांना खाली घेऊन आले होते. त्यांनी पाऊण तास एकेक सायकल पाहिली. फ्रेमच्या जोडापाशी नखाने खरवडत होते. दोन सायकलींना तिथे बारीक चीर निघाली, त्या थेट बाजूला काढल्या. "वेल्डिंग करून देणार नाही, पोरं पडतील," असं स्पष्ट म्हणाले. बाकी कुठलीही सायकल चालवायला द्यायची असेल तर ब्रेकच्या तारा आणि रबरं नवीच टाकायची, हे त्यांनी आपण होऊन सांगितलं.

निळ्या सायकलीचा त्यांनी दिलेला हिशेब असा : दोन्ही टायर-ट्यूब ९५०, ब्रेकच्या तारा आणि रबरं २६०, चेन २५०, ओव्हरहॉलिंग, म्हणजे छर्रे बदलून ग्रीस, ५००, दोन्ही चाकांचा आऊट काढायचे २००. एकूण २,१६०.

वाचलेल्या पैशांतून हेल्मेट मात्र चांगलं घ्यायचं, यावर मी ठाम आहे. आत ईएन १०७८ असा शिक्का बघून घ्या, तो सायकलच्या हेल्मेटचा युरोपीय निकष आहे. आणि हेल्मेट दुसऱ्याचं वापरलेलं घेऊ नका. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसतं, पण आतला थर्माकोल दबलेला असतो.

ए-४०२ : काकांना माझ्या मुलाची सायकल दाखवलीत का? तिचे शॉकअप गेलेत.

सी-३०४ : दाखवली. ते म्हणाले, या किमतीतल्या सायकलींचे शॉकअप उघडून दुरुस्त होत नाहीत, साधा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, टाकून देतो, सायकल हलकीही होईल. मग त्यांनी जे सांगितलं ते सगळ्यांनी ऐकावं असं वाटतं. दहा-पंधरा हजारांच्या सायकलीत शॉकअप, डिस्क, एकवीस गियर हे सगळं कोंबलेलं असतं. लोक ते बघून पैसे मोजतात, आणि सायकल होते सतरा-अठरा किलोची. शाळेत, क्लासला जायला त्यातलं काही लागत नाही. "साधा फोर्क, रबराचे ब्रेक, मागे सहा-सात गियर किंवा तेही नको. माझ्याकडे दुरुस्तीला येतात त्यात निम्म्यांचे गियर एकाच जागी अडकलेले असतात, पोरांनी बदललेलेच नसतात." नवीन घ्यायचीच असेल त्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी चार-पाच हजार वाचतील.

बी-२०१ : अगदी खरं. आम्ही तासाला पंचवीस पैसे देऊन भाड्याची सायकल आणायचो. सीटवर पाय पुरायचे नाहीत म्हणून नळीखालून पाय घालून शिकलो. शिकायला सायकल आपली असावी लागत नाही, मिळावी मात्र लागते. आता तासावर सायकल देणारं दुकान मला तरी कुठे दिसत नाही. २०१७-१८ मध्ये अ‍ॅपवरच्या सायकली आल्या होत्या, बघता बघता त्याही गेल्या. मग ज्याला परवडत नाही त्याच्या पोराने शिकायचं कुठे?

बी-५०३ : माझी बहीण मेळघाटात धारणीला शिक्षिका आहे. तिच्याकडे मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी शासनाकडून पैसे मिळतात. आधी ३,५०० होते, २०२२ मध्ये ५,००० केले. ती म्हणते, वाढवले ते खूप बरं झालं, पण बाजारातली साधी लेडीज सायकलसुद्धा आता त्यात बसत नाही, वरचे पैसे घरच्यांना घालावे लागतात. मजुरीच्या पैशातून दीड-दोन हजार काढायचे म्हणजे किती दिवसांची मजुरी, तुम्हीच सांगा. सायकल नसेल तर चार किलोमीटर पायी. पावसाळ्यात तिथूनच मुलींची गैरहजेरी सुरू होते. आपल्याकडे २७ सायकली गंजतायत हे वाचून मला कसंतरीच झालं.

सेक्रेटरी, ए-१०२ : ताई, मुद्दा पटला. सोमवारचा भंगारवाला रद्द करतो. पण चार्जिंगचं काम पंधरा तारखेला सुरू होणार, त्याआधी जागा मोकळी लागेल. आणि मालकांच्या परवानगीशिवाय एकही सायकल कोणाला देता येणार नाही.

सी-३०४ : बरोबर आहे, दादा. आतापर्यंत १४ सायकलींचे मालक सापडले. त्यातल्या ९ जणांनी "द्या कोणालाही" असं कळवलंय, पाच जण दुरुस्त करून स्वतः वापरणार आहेत. निळी सायकल ई-२०४ ची आहे. त्या काकूंनी एक पैसा घ्यायला नकार दिला, मी दुरुस्ती करून घेते.

आणखी एक. आपल्या रात्रीच्या वॉचमनदादांचा मुलगा आयटीआयला जातो, दोन बस बदलून. महिन्याचा पास काढतो, तरी बस वेळेवर येत नाही. नऊमधली एक सव्वीस इंची त्याला द्यावी असं मला वाटतं. पण द्यायची तर पूर्ण दुरुस्त करून, लाइट आणि कुलूप लावून. पंक्चर सायकल हातात देऊन वर हजार-दोन हजारांचा खर्च त्यांच्यावर टाकायचा नाही. त्यासाठी मी ५०० देते.

बी-२०१ : माझे १,०००. लाइट मी आणतो, डायनॅमो नको, बॅटरीचा.

ए-४०२ : माझे ५००.

डी-१०१ : माझेही ५००. आणि हेल्मेट माझ्याकडून, नवीन. दुरुस्ती झाल्यावर सगळ्या सायकलींचे ब्रेक उतारावर मी स्वतः तपासणार, मग मुलांना द्यायच्या. मुलीसाठी नवीन घ्यायचं थांबवलंय, नऊमध्ये वीस इंची आहे का?

सी-३०४ : वहिनी, आहे, गुलाबी, समोर जाळीची बास्केट. रविवारी सकाळी आठ वाजता सायकलवाले काका सामान घेऊन येतायत. ज्यांच्याकडे हवेचा पंप असेल त्यांनी खाली आणा, एकाने भागणार नाही. जुने कपडे आणि थोडं रॉकेल किंवा डिझेल लागेल, चेन धुवायला.

आणि पंपरूमच्या दाराशेजारी लाल सायकल आहे, तिला आकड्यांचं कुलूप आहे. मालक अजून सापडले नाहीत. कोणाची आहे?

ए-३०३ : ती आमची. मुलगा बंगळुरूला गेल्यापासून तशीच आहे. आत्ता त्याला फोन करून विचारलं, आकडा १५०७. बारावीपर्यंत तो तिच्यावरून क्लासला जायचा. वॉचमनच्या मुलाला तीच द्या. सीट खाली दाबलेली आहे, तो मुलगा उंच आहे, काकांना वर करायला सांगा.