परदेशातल्या शाळेत, वस्तीत स्वयंसेवक म्हणून काम केलंय? तुमचा अनुभव इथे लिहा

दर उन्हाळ्यात एकदोघं तरी विचारतात, "ताई, परदेशात जाऊन एखाद्या शाळेत काम करायचंय, कुठे अर्ज करू?" विचारणारी मुलं मनापासून विचारत असतात. समोर मात्र जाहिरातींचा ढीग असतो: इतके पैसे भरा, दोन आठवडे शिकवा, शनिवार-रविवार सफारी करा. त्यातलं कुठलं काम खरंच कुणाच्या उपयोगी पडतं, हे जाऊन आलेल्यांशिवाय कोण सांगणार? आपल्यापैकी बरेच जण जाऊन आलेत, आणि काहींनी स्वतःच्या गावच्या शाळेत परदेशी स्वयंसेवक आलेले पाहिलेत. सगळ्यांनी लिहा.

एक विनंती आहे. तुम्ही काय केलंत हे सांगण्याआधी तिथल्या लोकांनी काय मागितलं होतं ते लिहा. कुणी मागितलं होतं, मुख्याध्यापकांनी, पालकांनी, की कुणीच नाही? माझ्या मते सगळं तिथेच ठरतं. ज्या खासगी संस्थेतर्फे गेलात तिचं नाव नको, एवढं पाळा. बाकी काम, खर्च, व्हिसा, जेवण, भाषा, जे आठवेल ते मोकळेपणाने येऊ द्या.

लातूर, बांधकाम अभियंता

मी २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळला गेलो, सिंधुपालचोक जिल्ह्यात. त्या भूकंपात सगळ्यात जास्त माणसं याच जिल्ह्यात दगावली. शाळेच्या व्यवस्थापन समितीची मागणी एकदम स्पष्ट होती: आमच्या गवंड्यांना भूकंपात टिकणारी दगडी भिंत बांधायला शिकवा. पत्रे, सिमेंट बाकीच्यांकडून येतंय, ते तुमच्याकडून नको.

ही मागणी लातूरच्या माणसाकडे यावी याला कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी नुकता कामाला लागलो होतो. विसर्जन आटोपून लोक झोपले होते. आमच्या भागातली जुनी घरं म्हणजे दोन-अडीच फूट जाडीच्या भिंती, दोन्ही अंगांना दगड आणि मधे माती-गोट्यांची भर. हादरा बसला की दोन्ही अंगं एकमेकांपासून सुटतात, भिंतीला पोट येतं आणि वरचं माळवद झोपलेल्या माणसांवर उतरतं. सिंधुपालचोकच्या डोंगरात गेलो तर तशीच भिंत. वर माळवदाऐवजी पत्रा किंवा पाटीचा दगड, एवढाच फरक.

नेपाळात सुट्टी शनिवारची असते. २५ एप्रिल २०१५ ला शनिवार होता आणि भूकंप दुपारी बाराच्या जरा आधी झाला. शाळा भरलेली असती तर, हा विषय तिथल्या शिक्षकांच्या बोलण्यात रोज यायचा, आणि निघाला की पुढे कुणी काही बोलायचं नाही.

शिकवलं ते असं. शाळेच्या अंगणात कंबरेइतक्या दोन भिंती बांधल्या. एकीत ठरावीक अंतरावर भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घातले, दुसरी नेहमीसारखी. मग गावासमोर पहारीने दोन्ही एका अंगाने उसकटल्या. नेहमीची भिंत उभी चिरली आणि आतली भर खाली आली. आरपार दगडांची भिंत हलली, पण एकसंध राहिली. त्यानंतर व्याख्यानाची गरज उरली नाही. लांब दगड मिळत नसेल तिथे एस आकारात वाकवलेली सळई काँक्रीटमध्ये बसवायची, आणि जोत्यावर, खिडकीखाली, दार-खिडकीच्या माथ्यावर, छपराखाली असा काँक्रीटचा पट्टा चारी भिंतींना सलग फिरवायचा. तिथे गवंड्याला डकर्मी म्हणतात. एका वयस्क डकर्मींनी मला त्यांचा दगड समजावून दिला. तो आमच्या काळ्या दगडासारखा नसतो, थराथराने सुटतो. कसा आडवा बसवला तर फुटत नाही हे त्यांचा हात सांगायचा, मी वहीत उतरवून घ्यायचो.

त्याच वेळी युरोपातून आलेली काही मुलं दगड वाहून देत होती. कष्टाळू, गुणी पोरं. पण ज्या वाडीत घर आणि साठवलेलं धान्य दोन्ही ढिगाऱ्यात गेलंय, तिथे दगड वाहण्याची मजुरी हाच हातात येणारा रोख पैसा होता. समितीच्या अध्यक्षांनी ते काम गोडीने काढून घेतलं आणि त्या मुलांना बांबू-पत्र्याच्या तात्पुरत्या वर्गात लहानग्यांसोबत बसवलं. सगळ्यांचंच भलं झालं.

भारतीयांना व्हिसा लागत नाही. नेपाळी देवनागरीत लिहितात, त्यामुळे पाट्या पहिल्या दिवसापासून वाचता येतात. दोन वेळा डाळ-भात-तरकारी, आणि लोक आग्रह करून वाढतात.

कोल्हापूर, निवृत्त विज्ञान शिक्षिका

मी टांझानियात मोरोगोरो भागातल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत होते. रसायनशास्त्राच्या तरुण शिक्षकाने मागितलं होतं की प्रयोगशाळा नाही, तरी प्रयोग कसे दाखवायचे ते सांगा.

तिथे प्राथमिकची सात वर्षं स्वाहिलीत होतात आणि माध्यमिकच्या पहिल्या दिवसापासून सगळं इंग्रजीत. मराठी माध्यमातून दहावी करून अकरावी सायन्सला बसलेल्यांना ती मुलं कशी बसत असतील हे वेगळं सांगायला नको. डोळ्यांत सगळं कळतंय, तोंडातून शब्द निघत नाही.

शाळेच्या कुंपणाला जास्वंद होती. पाकळ्या गरम पाण्यात भिजवून रंग काढला, बाटल्यांचे तळ कापून त्यात ओतला. एकात लिंबू पिळलं, गडद गुलाबी. एकात चुलीतल्या राखेचं पाणी, हिरवं. मुलं आधी स्वाहिलीत ओरडली, मग एकमेकांना विचारत इंग्रजी शब्द जुळवायला लागली. दुसऱ्या दिवशी एक मुलगी घरून साबण, आंबट ताक आणि आजीचं काहीतरी औषध घेऊन आली, तपासून बघायला. तो तास मी घेतला नाही, त्या शिक्षकानेच घेतला. मी मागच्या बाकावर बसले होते. पुढच्या वर्षीही जास्वंदीचा तास झाला, त्याने फोटो पाठवले.

नव्याने जाणाऱ्यांसाठी: पर्यटक व्हिसावर तिथे काम करता येत नाही, स्वयंसेवकाला वेगळा निवास परवाना लागतो. कुणी "चालतं हो" म्हणालं तरी ऐकू नका. घड्याळ सूर्योदयापासून मोजतात, आपल्या सकाळच्या सातला तिथे एक वाजतो, तेव्हा वेळ ठरवताना दोनदा विचारा. मोठ्यांना "शिकामो" म्हणून नमस्कार करतात. माझे केस पांढरे, त्यामुळे रस्त्याने जाताना तो मलाच मिळायचा.

मुंबई, सध्या लुसाका

नवऱ्याच्या नोकरीमुळे झांबियात आहे. लुसाकातल्या गरीब वस्त्यांना इथे कंपाउंड म्हणतात. अशा एका कंपाउंडमधल्या कम्युनिटी स्कूलमध्ये मी आठवड्यातले काही दिवस जाते. ही शाळा पालकांनी आणि चर्चने मिळून उभी केलेली आहे, आणि शिकवणाऱ्या बहुतेक बायका वस्तीतल्याच, नाममात्र पैशांवर किंवा तेही नसताना. मी स्वयंसेवक म्हणून गेले खरी, पण तिथल्या खऱ्या स्वयंसेवक त्या आहेत. मी त्यांच्या हाताखाली काम करते.

त्यांनी मागितलं ते ऐकून मला मुंबईच आठवली: चौथीतल्या मुलांना वाचता येत नाही, काय करू? मी मुंबईत 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेबरोबर महापालिका शाळेत काम केलं होतं. प्रथमची सुरुवात १९९५ ला मुंबईच्या वस्त्यांमधूनच झाली. इयत्ता बाजूला ठेवायची, एकेका मुलाला जवळ बसवून एका कागदावर अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट वाचायला लावायची, आणि येईल त्या पातळीनुसार रोज थोडा वेळ गट करायचे. हीच पद्धत आज झांबियाच्या सरकारी शाळांमध्ये 'कॅच अप' नावाने चालते, तिसरी ते पाचवीसाठी. म्हणजे मला नवीन काही आणावं लागलं नाही. न्यांजा भाषेतला कागद तिथे तयारच होता, मी फक्त मुलांजवळ बसायला दोन हात वाढवले. २०२२ पासून सरकारी शाळांची फी गेली, वर्ग ओसंडून वाहू लागले, त्यामुळे असे जवळ बसणारे हात कुणालाही हवेच असतात.

पुणे, सामाजिक कार्यकर्ती

मी कंबोडियात सिएम रीपला काम केलंय, आणि अनाथाश्रमात स्वयंसेवा करायला निघालेल्या प्रत्येकाने थांबावं असं मला कळकळीने वाटतं. २००५ ते २०१० या काळात कंबोडियातल्या निवासी बालगृहांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली. अनाथ मुलं तेवढी वाढली नव्हती, पर्यटक वाढले होते. बालगृहांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत, हे युनिसेफच्या आणि तिथल्या सरकारच्या पाहणीत पुढे आलं. गरीब आईबापांना सांगतात, मुलाला शाळा मिळेल, इंग्रजी मिळेल. मग संध्याकाळी तीच मुलं पाहुण्यांसमोर नाचतात आणि पाहुणे देणगी देतात.

माझं काम उलट दिशेचं होतं, मुलांना घरी पोचवायचं. मागणी स्थानिक समाजसेवकांची होती आणि कुटुंबांशी बोलायचे तेच, ख्मेर भाषेत. मी नोंदी, पत्रव्यवहार, हिशेब बघायचे. मुलांशी माझा संबंध जवळजवळ नव्हता, आणि तसंच असायला हवं होतं. ज्या मुलाला आधीच कुणीतरी सोडून गेलंय त्याच्या गळ्यात पडायचं आणि दोन आठवड्यांनी विमानात बसायचं, हे कुठल्याही हेतूने केलं तरी मुलाला एकच गोष्ट शिकवतं.

विक्रोळी

परदेशात गेलेलो नाही, पण आमच्या विक्रोळीत आलेल्या एका स्वयंसेविकेबद्दल लिहायलाच हवं. लिलियन कार्टर १९६६ मध्ये पीस कोअरमधून, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी स्वयंसेवक योजनेतून, इथे आल्या, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. पेशाने परिचारिका. गोदरेजच्या वसाहतीतल्या दवाखान्यात काम केलं, कुष्ठरोग्यांची सेवा केली. त्यांचे चिरंजीव जिमी कार्टर पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. वय झालं म्हणून कचरणाऱ्या काका-काकूंनी हे लक्षात ठेवावं.

धागाकर्ती

विक्रोळीकर, छान आठवण. यात एक भर घालते. कोणत्याही देशाच्या तरुणांनी दुसऱ्या देशात जाऊन श्रमदान करायचं, ही चळवळ पिएर सेरेसोल या स्विस अभियंत्याने १९२० मध्ये फ्रान्समध्ये व्हर्दंजवळ, महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या एका गावापासून सुरू केली. १९३४ ला बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा हेच सेरेसोल तिथे येऊन गावं वसवायला मदत करत होते. लातूरकर, तुमचं नेपाळचं काम वाचताना मला त्यांचीच आठवण झाली.

सातारा जिल्हा, जि.प. शाळेतले शिक्षक

आमच्याकडे परदेशी विद्यार्थ्यांचे गट हिवाळ्यात येतात. नमस्कार करून सांगतो, भिंती रंगवून झाल्या आहेत. एकदा एका गटाने आधी पत्र पाठवून "तुम्हाला काय हवं?" असं विचारलं. मी लिहिलं, भूगोल. त्यांनी आणि सातवीच्या मुलांनी मिळून व्हरांड्याच्या भिंतीवर जगाचा नकाशा काढला. पुस्तकातल्या नकाशावर चौकटी आखल्या, भिंतीवर तेवढ्याच मोठ्या चौकटी, आणि प्रत्येक मुलाकडे एक चौकट. ज्याच्या वाट्याला निव्वळ पॅसिफिक महासागर आला तो आधी रुसला होता, शेवटी बेटं शोधून शोधून त्यानेच सगळ्यात जास्त टिंबं दिली. अक्षांश-रेखांश मला त्या वर्षी वेगळे शिकवावे लागले नाहीत. त्या गटातल्या मुलामुलींनी ब्रश कमी धरला, मुलांच्या मापांकडे जास्त लक्ष दिलं. असे कितीही या.

नाशिक, निवृत्त बँक अधिकारी

गुडघ्यांमुळे प्रवास होत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक विभागाची ऑनलाइन सेवा आहे (विभाग १९७० चा, मुख्यालय जर्मनीत बॉन येथे). घरबसल्या एका आफ्रिकी देशातल्या महिला गटाचे हिशेब लावून दिले. फी नाही.

अहिल्यानगर, डीएड पूर्ण

सगळं वाचलं. मला जायचंय. इंग्रजी बेताचं आहे आणि भरायला पैसे नाहीत. माझ्यासारखीचा उपयोग होईल का?

कोल्हापूर, निवृत्त विज्ञान शिक्षिका

बाळ, उपयोग होईल. तू शिक्षिका आहेस, जाणाऱ्यांपैकी बहुतेक जण नसतात. आधी एक वर्ष इथे जि.प. किंवा आश्रमशाळेत वर्ग सांभाळ, तोवर इंग्रजी बोलायचा सराव कर. अर्ज करताना संस्थेला विचार, माझ्या आधी तिथे कोण शिकवत होतं आणि मी गेल्यावर कोण शिकवेल? मुख्याध्यापकांशी फोनवर बोलायला माग. निदान एक पूर्ण सत्र राहायला मिळत नसेल तर नको जाऊ.

लातूर, बांधकाम अभियंता

ताईंचं बरोबर आहे. नेपाळपासून सुरुवात करा, बसने जाता येतं, आणि हिंदी बऱ्याच जणांना समजते. पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढून ठेवा. मुलांसोबत काम करायचंय आणि संस्था ते मागतच नसेल, तर तिथे अर्ज करू नका.