वहिनींच्या स्तनातील गाठ: साधी की कर्करोगाची, हे नक्की कशावरून ठरते?

कोयनाकाठ

सर्व सदस्यांना नमस्कार. माझ्या वहिनींचे वय ४४ आहे. साधारण अडीच महिन्यांपूर्वी गोठ्यात वैरण टाकताना म्हशीने मान झटकली आणि शिंगाचा दणका त्यांच्या डाव्या स्तनावर बसला. तेवढा भाग काळानिळा पडला होता. आंबेहळद उगाळून लावल्यावर आठवड्याभरात डाग गेला. महिन्याभराने अंघोळ करताना त्याच जागी गाठ हाताला लागली. ती दुखत नाही, म्हणून त्यांनी आणखी महिनाभर कोणाला सांगितलेही नाही.

तालुक्याच्या गावी सोनोग्राफी केली. अहवालात दीड सेंटिमीटरची, अनियमित कडा असलेली गाठ असे लिहिले असून शेवटी ‘बाय-रॅड्स ४ बी’ (चित्रावरून कर्करोगाचा संशय किती, याची श्रेणी) असा शेरा आहे. त्यानंतर बारीक सुईने नमुना घेतला. त्या अहवालात ‘कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत, नमुन्यातील पेशींचे प्रमाण अपुरे’ असे दोन भाग आहेत. दादाने पहिला भाग वाचून पेढे आणले. आईचे म्हणणे असे की मुका मार लागून रक्त साकळले आहे, ते आपोआप विरघळेल. आत्या म्हणते, आता पुन्हा सुई टोचू नका, साधी गाठही त्याने चिघळते. शिवाय वहिनींच्या थोरल्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, दोन वर्षांपूर्वी १९व्या वर्षी अशीच गाठ निघाली होती. ती फायब्रोअ‍ॅडेनोमा ठरली आणि डॉक्टरांनी ती तशीच राहू दिली. त्यामुळे ‘आपल्या घरात साध्याच गाठी होतात’ अशी सर्वांची समजूत झाली आहे.

साधी गाठ आणि कर्करोगाची गाठ यांत डॉक्टर नेमका कशाच्या आधारे फरक करतात, आणि वरील दोन अहवालांपैकी कोणता मानावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मिरजकर सर्जन (निवृत्त)

रुग्णाला प्रत्यक्ष न पाहता मी निदान सांगणार नाही. मात्र निदानाची रीत सांगतो.

प्रथम भाचीची गाठ बाजूला ठेवा. फायब्रोअ‍ॅडेनोमा हा प्रामुख्याने पंधरा ते पस्तीस या वयातला प्रकार आहे. ती गाठ गुळगुळीत, रबरासारखी असते आणि दोन बोटांत धरू गेल्यास सटकन दुसरीकडे पळते. आमच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत तिला चक्क ‘स्तनातला उंदीर’ म्हटलेले असे. एकोणिसाव्या वर्षी तशी गाठ असेल, सोनोग्राफीतही ती अंडाकृती, आडवी आणि स्वच्छ कडांची दिसत असेल, तर तिला हात न लावता केवळ लक्ष ठेवणे योग्यच आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी नव्याने आलेली गाठ मात्र, मुलीची गाठ साधी निघाली एवढ्यावरून, साधी ठरत नाही. या वयात पाण्याच्या गाठी पुष्कळ आढळतात. त्या ताणलेल्या द्राक्षासारख्या लागतात, पाळीच्या आधी दुखतात, आणि सोनोग्राफीत आत केवळ द्रव दिसल्यामुळे तिथेच निकाल लागतो. वहिनींची गाठ तशी नाही, हे अहवालावरूनच स्पष्ट आहे.

कर्करोगाची गाठ बहुधा दगडासारखी टणक असते, तिच्या कडा बोटाला नीट सापडत नाहीत आणि ती आजूबाजूच्या मांसाला धरून असते. ती सुरीने कापताना कच्चा पेरू कापल्यासारखी करकर हाताला जाणवते. सुई घालतानाही तीच कचकच लागते. रुग्णाला उजेडात बसवून दोन्ही हात डोक्यावर घ्यायला सांगितले की गाठीवरच्या त्वचेला कधी कधी बारीकशी खळी पडते, कारण त्वचेला आतून धरून ठेवणारे तंतू गाठीने आखडून घेतलेले असतात. हात खाली असताना ती खळी दिसत नाही, म्हणून घाईघाईने तपासणाऱ्याच्या नजरेतून ती निसटते. स्तनाग्र अलीकडे आत ओढले जाणे, एकाच बाजूने आपोआप रक्तमिश्रित स्राव येणे, त्वचा संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, काखेत टणक गाठ लागणे, या खुणाही तितक्याच महत्त्वाच्या आहेत.

आता आईंच्या म्हणण्याविषयी. मुक्या माराने स्तनातील चरबी मरते आणि तिथे टणक, वेडीवाकडी गाठ तयार होते, हे अगदी खरे आहे. तिला आम्ही ‘फॅट नेक्रोसिस’ म्हणतो. अडचण अशी की ही गाठ हाताला आणि सोनोग्राफीला कर्करोगाची हुबेहूब नक्कल करते; वर सांगितलेली खळीसुद्धा तिच्यामुळे पडू शकते. दुसरी अडचण याहून मोठी आहे. मार लागल्यावर त्या जागी वारंवार हात जातो आणि आधीपासून असलेली कर्करोगाची गाठ तेव्हा प्रथम सापडते. ‘मार लागला होता’ एवढ्यावर महिनोन्‌महिने थांबलेल्या आणि उशिरा आलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. म्हणून माराची हकिकत डॉक्टरांना अवश्य सांगा, पण तिच्या भरवशावर तपासणी थांबवू नका. दुखत नाही यातही दिलासा नाही. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

‘४ बी’चा अर्थ असा की चित्रावरून कर्करोगाची शक्यता १० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान धरली जाते. म्हणजे गाठ साधी निघण्याची शक्यता निम्मी किंवा त्याहून अधिक आहे, आणि तरीही तुकडा काढून तपासल्याशिवाय ती सोडता येत नाही. हाताची तपासणी, चित्र आणि सुई या तिन्हींचा निष्कर्ष एकच आला तरच आम्ही विश्वास ठेवतो. तिघांपैकी एकाचेही मत वेगळे पडले, तर जो अधिक वाईट बोलतो त्याचे ऐकायचे आणि पुढची तपासणी करायची. तुमच्याकडे मॅमोग्राफीचा, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेचा, उल्लेख दिसत नाही. चाळिशीनंतर ती दोन्ही स्तनांची करावी, आणि शक्यतो पुढील सुईच्या आधी करावी, कारण सुईने झालेला रक्तस्राव चित्रात गोंधळ घालतो.

काचपट्टी

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, त्यामुळे दुसऱ्या अहवालाविषयी लिहिते. ‘नमुना अपुरा’ हे वाक्य ज्या अहवालात आहे, त्यातील ‘कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत’ या वाक्याला काहीही वजन नाही. विहिरीत पोहरा सोडला, तो पाण्यापर्यंत पोहोचलाच नाही, आणि वर काढून ‘विहीर कोरडी आहे’ असे सांगितले, असा हा प्रकार आहे. आमच्या अहवालांत पाच पायऱ्या असतात: अपुरा नमुना, साधा, काहीसा असामान्य, संशयास्पद आणि कर्करोग. वहिनींचा अहवाल पहिल्या पायरीवर आहे, दुसऱ्या नव्हे. पेढे लवकर आले, एवढेच म्हणेन.

बारीक सुईत आम्हाला सुट्या पेशी मिळतात; घराच्या विटा मिळतात, भिंत मिळत नाही. साध्या आजारात दुधाच्या नलिकेचे अस्तर दुपदरी असते, म्हणजे आतल्या थराभोवती आकुंचन पावणाऱ्या पेशींचा दुसरा थर असतो. आजूबाजूला पसरणाऱ्या कर्करोगात हा बाहेरचा थर नाहीसा होतो. तो आहे की नाही, हे ठरवण्यासाठी पेशींची मूळ रचना जशीच्या तशी दिसावी लागते, आणि शंका राहिली तर खास रंग देऊन त्या थराचा शोध घ्यावा लागतो. नलिकेच्या आतच थांबलेला कर्करोग आणि बाहेर पसरलेला कर्करोग यांतील फरकही सुट्या पेशींवरून करता येत नाही. फायब्रोअ‍ॅडेनोमा आणि त्याच्यासारखाच दिसणारा, पण झपाट्याने वाढणारा फायलोड्स ट्यूमर यांच्यातही बारीक सुईने अनेकदा घोळ होतो. भाचीची गाठ काही महिन्यांत दुप्पट झाली, तर हे लक्षात असू द्या.

म्हणून जाड सुईची बायोप्सी करावी, जिला सर्वजण ‘ट्रू-कट’ म्हणतात. जागा बधिर करून, सोनोग्राफीत सुईचे टोक गाठीत शिरताना पाहत, काडीएवढे चार-पाच तुकडे घेतात. स्प्रिंगचा ‘खट्ट’ असा आवाज होतो, त्याची वहिनींना आधी कल्पना द्या. अनेक जणी दुखण्यापेक्षा त्या आवाजानेच दचकतात. तुकडे लगेच फॉर्मालिनमध्ये, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रावात, गेले पाहिजेत. कर्करोग निघालाच, तर कोणती औषधे लागू पडतील हे सांगणाऱ्या हार्मोन रिसेप्टर आणि हर-टू या तपासण्या त्याच तुकड्यांवर होतात.

आत्याबाईंना सांगा की सुईमुळे साध्या गाठीचा कर्करोग होत नाही. निदानासाठी केलेल्या बायोप्सीमुळे रुग्णाचे आयुष्य कमी होते, असेही दिसून आलेले नाही.

अबोली

उलट दिशेचा एक अनुभव लिहिते. धाकट्या मुलाच्या जन्मानंतर दोन वर्षांनी, ३३व्या वर्षी, माझ्या उजव्या स्तनात मोठी टणक गाठ आली, त्वचा लाल झाली आणि काखेतही गाठी लागल्या. सोनोग्राफीत ४ सी, म्हणजे ४ बीपेक्षाही अधिक संशयाची श्रेणी, आली. घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हते. बायोप्सीत ग्रॅन्युलोमा निघाला, म्हणजे एक प्रकारची दीर्घकाळ चालणारी सूज. आपल्याकडे स्तनाचा क्षयरोगही आढळतो, म्हणून आधी त्याच्या तपासण्या केल्या. त्या नकारात्मक आल्यावर स्टिरॉइडचे उपचार झाले. बरे व्हायला दहा महिने लागले आणि मध्ये दोनदा पू वाहिला. चित्र पाहून थेट शस्त्रक्रियेला होकार दिला असता, तर स्तन विनाकारण गेला असता.

मिरजकर सर्जन (निवृत्त)

अबोलीताईंनी सांगितले त्याची उलट बाजूही तितकीच धोकादायक आहे. लाल, गरम, सुजलेला स्तन पाहून गळू समजून औषधे दिली जातात, आणि बहुतेक वेळा, विशेषतः अंगावर पाजणाऱ्या बाईत, ते योग्यच असते. परंतु एक-दोन आठवड्यांच्या प्रतिजैविकांनी लाली उतरली नाही, तर बायोप्सी झालीच पाहिजे, कारण दाहक प्रकारचा कर्करोग अगदी असाच दिसतो. स्तनाग्रावरच्या खाजऱ्या चट्ट्याचेही तसेच. इसब सहसा भोवतालच्या गडद वर्तुळापासून सुरू होते. पॅजेटच्या रोगातील (हा स्तनाग्राच्या त्वचेत दिसणारा कर्करोग) खपली स्तनाग्रापासून सुरू होते आणि एकाच बाजूला राहते. मलमे लावण्यात महिने घालवू नयेत.

फिरती आरोग्यसेविका

सरांनी हाताच्या तपासणीला पहिले स्थान दिले, म्हणून हे नोंदवते. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यातील एका गटाला प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत असत. २०२१ साली वीस वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तपासलेल्या गटात कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यावर सापडले आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मात्र मृत्यूंमध्ये तसा फरक पडला नाही. हात शिकलेला असावा लागतो. आम्हाला सिलिकॉनच्या नमुन्यावर आधी सराव देतात, आणि त्यातील सर्वांत लहान गाठ शोधताना पहिल्या दिवशी बहुतेक जणी चुकतात.

कोयनाकाठ

सर्वांचे आभार. तीन आठवड्यांनी परत लिहीत आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी आधी मॅमोग्राफी, मग ट्रू-कट झाली. ‘खट्ट’ आवाजाचे वहिनींना मी सांगून ठेवले होते. त्यांनी चारही वेळा मोजले. अहवालात फॅट नेक्रोसिस आले, कर्करोग नाही. आई दिवसभर ‘मी म्हटलेच होते’ म्हणत होती.

मात्र तेथील सर्जननी लगेच घरी पाठवले नाही. त्यांनी रेडिओलॉजिस्टना बोलावून चित्र आणि अहवाल शेजारी ठेवले. मॅमोग्राफीत गाठीच्या मधोमध चरबीचा पारदर्शक ठिपका व भोवती अंड्याच्या कवचासारखी पातळ कड दिसत होती; ती तेलाची गाठ असून अहवालाशी जुळते, असे दोघांचेही मत पडल्यावरच त्यांनी कागदावर सही केली. सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी सांगितली आहे. तोवर वहिनींनी काय पाहावे?

मिरजकर सर्जन (निवृत्त)

ही गाठ हळूहळू लहान होते किंवा आहे तशी राहते. महिन्यातून एकदा, पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात, त्यांनी ती चाचपून पाहावी. रोज दाबत बसू नये. ती वाढत आहे असे वाटले किंवा काखेत काही लागले, तर सहा महिन्यांची वाट न पाहता त्याच सर्जनकडे जावे, आणि जाताना मॅमोग्राफीच्या मूळ फिल्म सोबत न्याव्यात, केवळ अहवालाचा कागद नव्हे.